डोळ्यांदेखत काढलेले दूध

कोल्हापुरात गंगावेशीला म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळलेले कोमट दूध गिऱ्हाईक तिथेच उभ्याने पिते. धारोष्ण दुधाची ही हौस पैलवानांच्या गावाला शोभणारी आहे, पण तिच्यामागे एक रोखठोक हिशेबही आहे: डोळ्यांदेखत काढलेल्या दुधात पाणी मिसळता येत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माल्टा बेटावर व्हॅलेटा शहरातले लोक असाच हिशेब करत. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरे, गिऱ्हाईक भांडे पुढे करी, पायरीवरच धार निघे. त्याच शहरात ब्रिटिश शिबंदीतले सैनिक महिनोन्‌महिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या तापाने अंथरुणाला खिळत. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्या तापाचा जंतू वेगळा केल्याचे जाहीर केले, पण तो माणसात येतो कुठून हे पुढची अठरा वर्षे कळले नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. जवळजवळ निम्म्या शेळ्यांच्या रक्तात संसर्गाची खूण सापडली आणि दहातली एक शेळी दुधातून जंतू टाकत होती. शेळ्या मात्र दिसायला धडधाकट होत्या. भेसळ डोळ्यांना दिसते, रोग दिसत नाही. आणि दुधाच्या बाबतीत आपण आजवर जास्त धसका घेतला तो भेसळीचा.

१९०६ मध्ये शिबंदीला शेळीचे दूध बंद झाले, त्याऐवजी डब्यातले आटवलेले दूध आले, आणि दोनेक वर्षांत सैनिकांमधला ताप जवळजवळ हटला. गावातल्या माणसाला मात्र ना डबाबंद दूध परवडणारे होते, ना शेळी सोडवत होती. त्यामुळे त्याच्या घरी तो ताप पुढे कित्येक दशके राहिला. शोध दोघांसाठी एकच होता. एकाचा खर्च सरकारने उचलला, दुसऱ्याचा कुणीच नाही. अन्नातून येणाऱ्या जनावरांच्या रोगांचा इतिहास प्रयोगशाळेतल्या शोधांच्या तारखा मांडून सांगण्याची पद्धत आहे. ती मला अपुरी वाटते. रोग कधी सापडला यापेक्षा, सापडल्यावर जनावराच्या मालकाला काय करायला सांगितले आणि ते त्याला झेपले का, यावर बहुतेक सगळे ठरले. याची सर्वांत चांगली साक्ष डेन्मार्कमध्ये मिळते, बर्नहार्ड बांग (१८४८–१९३२) यांच्या कामात.

बांग आधी डॉक्टर झाले, मग पशुवैद्य, आणि आयुष्यभर कोपनहेगनच्या पशुवैद्यक व कृषी महाविद्यालयात शिकवत राहिले. तेव्हा अमेरिका-रशियाच्या स्वस्त धान्याने डॅनिश शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते आणि तो लोणी व डुकराच्या मांसाकडे वळला होता. माल इंग्लंडला जाई. १८८२ साली येडिंग इथे पहिली सहकारी डेअरी निघाली आणि पाहता पाहता गावोगाव डेअऱ्या झाल्या. सहकाराच्या या यशाबरोबर एक नवी वाटही रोगाला मोकळी झाली. डेअरीत सगळ्यांचे दूध एकत्र होई, यंत्राने साय निघे, आणि उरलेले साय काढलेले दूध शेतकरी आपापल्या वासरांना आणि डुकरांना पाजायला परत नेई. एका गोठ्यात क्षयाची एक गाय असली, तरी तिचे जंतू संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक वासराच्या पोटात पोहोचत. सहकारात नफा वाटून घेतात. इथे क्षयही वाटला जात होता.

रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलिन हे क्षयावरचे औषध म्हणून जाहीर केले होते. औषध म्हणून ते सपशेल फसले. मात्र क्षय असलेल्या जनावराच्या कातडीखाली ते टोचले की काही तासांत अंगात ताप चढतो, निरोगी जनावराला काही होत नाही, हे पशुवैद्यांच्या लक्षात आले. फसलेल्या औषधाची उत्तम चाचणी झाली. आता न दिसणारा रोग थर्मामीटरवर दिसू लागला आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली, कारण ताप चढलेली जनावरे मूठभर नव्हती. सगळी कापायची म्हटले तर देशाचा लोण्याचा धंदाच बसला असता. १८९२ पासून थुरेबीलिले इथल्या शेतावर बांग यांनी वेगळा मार्ग चालवून दाखवला. गोठ्याचे दोन भाग करायचे: ताप आलेली जनावरे एकीकडे, न आलेली दुसरीकडे, सांभाळणारी माणसेही वेगळी. उघड आजारी दिसणारी तेवढी कापायची. बाकीच्या ‘दोषी’ गाईंचे दूध घ्यायचे, त्यांना गाभण ठेवायचे, पण वासरू जन्मताच उचलून निरोगी बाजूला न्यायचे आणि त्याला तापवलेले दूध पाजायचे. बांग यांनी क्षयी गाईलाही उत्पन्न देणारी गाय म्हणूनच धरले. काही वर्षांत जुना कळप म्हातारा होऊन संपे आणि निरोगी कळप त्याची जागा घेई. सरकारने ट्युबरक्युलिन पुरवण्यासाठी पैसा दिला, सक्ती केली नाही.

सक्ती केली ती दुधावर. १८९८ च्या कायद्याने डेअरीतून परत जाणारे साय काढलेले दूध आणि ताक ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे बंधनकारक झाले. पण तापवले की नुसते तापवले म्हटले, हे ओळखायचे कसे? त्याच वर्षी व्हिल्हेल्म स्टोर्क यांनी एक सोपी परीक्षा काढली. नळीत थोडे दूध घ्यायचे, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब आणि पॅराफेनिलिन-डायअमिनचे दोन थेंब टाकून हलवायचे. निरसे दूध पाहता पाहता निळे पडते. नीट तापलेले पांढरेच राहते. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. मला या दोन थेंबांचे मोल फार वाटते, कारण त्यांच्यामुळे कायदा कागदावर राहिला नाही.

गाभडणाऱ्या गाईंचे कोडेही बांग यांनीच सोडवले. स्ट्रिबोल्ट या सहकाऱ्यासह त्यांनी गाभडण्याची लक्षणे दिसणारी एक गाय मुद्दाम विकत घेऊन कापली. गर्भाशय आणि गर्भाची वेष्टने यांच्यामध्ये पिवळट, चिकट, वास नसलेला स्राव सापडला आणि त्यात बारीक जंतूंची गर्दी. प्रयोगनळीत हे जंतू पृष्ठभागावर वाढेनात, तळाशीही वाढेनात. पृष्ठभागाच्या जरा खाली, बेताच्या हवेच्या एका पट्ट्यातच वाढत. हा शोध १८९७ चा. माल्टाच्या शेळीचा जंतू आणि डेन्मार्कच्या गाईचा जंतू एकाच घराण्यातले आहेत, हे अमेरिकेत अॅलिस इव्हान्स यांनी १९१८ साली दाखवले आणि निरसे दूध धोक्याचे आहे असे सांगितले. एका स्त्रीचे, त्यातून पशुवैद्य किंवा डॉक्टर नसलेल्या स्त्रीचे म्हणणे मानायला तज्ज्ञांना बरीच वर्षे लागली. पुढे हा आजार खुद्द त्यांनाच झाला. आज त्याला आपण ब्रुसेल्लोसिस म्हणतो.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो: आपण दूध उकळूनच पितो, मग गोठ्याची चिंता कशाला? उकळणे चांगलेच आहे, त्याला पर्याय नाही. पण पातेले रक्षण करते ते पिणाऱ्याचे. ब्रुसेल्लाचा जंतू दुधाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, गाभडलेल्या गर्भात आणि वारेत असतो. धार काढणारी बाई, वार ओढून काढणारा शेतकरी, अडलेली गाय सोडवणारा पशुवैद्य यांना तो हातावरच्या खरचटलेल्या कातडीतून गाठतो. दूध पिणारा सुरक्षित आणि दूध देणारा उघडा, ही माल्टाचीच वाटणी झाली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बांग यांची पद्धत संथ होती, गोठा दुभागण्याची शिस्त सगळ्यांनी पाळली नाही, आणि डेन्मार्क क्षयमुक्त व्हायला १९५२ उजाडले. उलट अमेरिकेने १९१७ ते १९४० मध्ये सुमारे ३८ लाख जनावरे मारून त्या काळातच क्षय जवळजवळ निपटला. हे खरे आहे, आणि बांग यांच्या चाहत्यांनी ते लपवू नये. पण अमेरिकेत मारलेल्या जनावराची भरपाई मिळत होती, तरीही १९३१ साली आयोवात शेतकरी चाचणीविरुद्ध रस्त्यावर आले आणि राज्यपालांना सैन्य पाठवावे लागले. जिथे तिजोरी तेवढी मोठी नाही, किंवा जिथे गाय कापणे कायद्याला आणि मनाला मान्य नाही, तिथे तो रस्ता बंदच आहे. महाराष्ट्र अशा ठिकाणांपैकी आहे.

मग बांग यांचा रस्ता तरी इथे उघडा आहे का? जसाच्या तसा नाही. दोन गोठे करायला आधी दहा-वीस जनावरे लागतात. दावणीला दोन म्हशी असलेल्याने कोणती कुठे बांधायची? इथे उपयोगी पडते ती त्यांची पद्धत नव्हे, तर सुरुवातीची जागा: म्हातारे जनावर सुधारत बसू नका, वासरू वाचवा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेल्लोसिसची लस देतात ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच. जनावर कापायचे नाही, गोठा बांधायचा नाही, मालकाला पैसा मोजायचा नाही. त्यासाठी मात्र कालवड हाताशी हवी आणि ते चार महिने चुकायला नकोत.

ज्यांच्या दावणीला कालवड किंवा पारडी आहे त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात तिच्या लशीची चौकशी करावी. आणि पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडली, तर गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये, उकिरड्यावर किंवा कुत्र्यांपुढे टाकू नये. दोन्ही चुना घालून खोल पुरावीत आणि डॉक्टरांना कळवावे.