बस कोणाच्या पैशाची? चैत्यभूमीच्या वाटेचा थोडा इतिहास

६ डिसेंबर जवळ आला की दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे सुरू होतात. एक म्हणजे ‘फुकटे आले, मुंबई घाण करायला आले’ ही दरवर्षीची मोबाईलवरची टिंगल. दुसरी म्हणजे तालुक्यातल्या कुठल्या तरी इच्छुक उमेदवाराचा निरोप: “बस माझ्याकडून, माणसं तुम्ही भरा.” पहिल्या गोष्टीवर आपली पोरं तावातावाने उत्तरं देतात, आणि द्यायलाच हवीत. दुसरीवर मात्र कोणी बोलत नाही. उलट बस मिळाली म्हणून बसच्या पुढच्या काचेवर त्या माणसाचा फोटो लावून आपण निघतो, बाबासाहेबांचा फोटो त्याच्या खाली किंवा बाजूला. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त घातक वाटते. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेसे आत्मकथन आपण बहुतेकांनी वाचलेले आहे. आपण ते अस्पृश्यतेच्या अनुभवांची नोंद म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण बस ठरवणाऱ्या कार्यकर्त्याने ते एकदा प्रवासाची वही म्हणून वाचून पाहावे. त्यातले बाबासाहेबांचे स्वतःचे जवळजवळ सगळे प्रसंग प्रवासात घडलेले आहेत. बैलगाडी, उतारूंची खानावळ, टांगा, बस. जात घरापेक्षा वाटेवर जास्त उघडी पडते, कारण वाटेवर माणसाला अनोळखी माणसाकडून वाहन, पाणी आणि छप्पर मागावे लागते.

१९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. नटूनथटून वडिलांकडे निघालेली मुले स्टेशनवर उतरतात, वडिलांचा माणूस आलेला नसतो, आणि मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. शेवटी गाडीवान तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. तो बाजूने चालत गेला. डब्यात जेवण भरपूर होते, पण टोलनाक्यावर पाणी मिळाले नाही, म्हणून मुले उपाशी झोपली. दुप्पट पैसे देऊनही गाडी आपली झाली नाही, हे इथे लक्षात ठेवा. १९१७ मध्ये बडोद्याला परदेशात शिकून आलेल्या माणसाला पारशी खानावळीत नाव बदलून राहावे लागले आणि लाठ्या घेतलेल्या जमावासमोर ती जागा सोडावी लागली, तो प्रसंगही याच रांगेतला. मुक्कामाच्या जागेचा प्रश्न आपल्याकडे केवढा मोठा होता हे पंढरपूरवरूनही कळते. गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

चाळीसगावचा प्रसंग मात्र आजच्या बसशी थेट भिडतो. साल १९२९. सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या लोकांनी आग्रह केला, एक रात्र आमच्याकडे राहा. स्टेशनपासून महारवाडा जवळच, पण साहेबांना चालत न्यायचे कसे? टांगेवाले तर महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाहीत. तडजोड अशी झाली की टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा आपला. आपल्यातला एक जण पुढे बसला, पण त्याने जन्मात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलापाशी चाक अडकले आणि बाबासाहेब उडून फरसबंदीवर आपटले. पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत गेले. या घटनेबद्दल बाबासाहेब दोन्ही बाजूंनी लिहितात. टांगेवाल्याच्या मनातली जातीची घमेंड ते सोलून काढतात. पण आपल्या लोकांनाही ते सोडत नाहीत. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात पाहुण्याचा जीव धोक्यात घातला, असा त्यांचा स्पष्ट सूर आहे.

मान मोठा की प्रवाशाचा जीव, हा प्रश्न आपल्या बसला आजही लागू आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. गाडी दाराच्या बाजूने पडली होती. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आता पूर्ण झाला आहे आणि विदर्भातल्या बहुतेक बसेस त्यावरूनच येणार. रस्ता सरळ, रात्र लांब, आणि ड्रायव्हर एकच. आपण बस ठरवताना विचारतो काय? साउंड सिस्टीम आहे का, झेंडे कुठे बांधता येतील, बॅनर किती फुटांचा बसेल. ड्रायव्हर किती तासांपूर्वी झोपून उठला हे कोणी विचारत नाही. चाळीसगावच्या लोकांकडे निदान दुसरा टांगेवाला नव्हता. आपल्याकडे पर्याय असताना आपण विचारत नसू तर त्याला काय म्हणायचे?

म्हणून स्पष्ट सांगतो. नागपूर, अमरावती, नांदेडसारख्या लांबच्या पल्ल्याला दोन ड्रायव्हर, आणि ते निघायच्या आधी डोळ्यांनी पाहिलेले. गाडीचा परवाना, फिटनेस आणि विमा यांचे फोटो आठवडाभर आधी आपल्या मोबाईलमध्ये. निघताना गाडीचा नंबर त्या कागदांशी जुळवून घ्या. आमच्या बसला एका वर्षी ट्रॅव्हल्सवाल्याने ठरलेली गाडी ऐनवेळी बदलून भलतीच जुनी गाडी पाठवली होती, तेव्हा हेच कागद हातात होते म्हणून दोन तासांत ती परत करता आली. आपत्कालीन दरवाजा उघडून पाहा, त्याच्यासमोर तांदळाची पोती आणि गाद्या रचू नका. सीट जेवढ्या तेवढीच माणसे. मधल्या वाटेत स्टूल टाकून पाच जण जास्त नेण्यात समाजसेवा नाही. एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर पूर्ण बस देते, त्याचा दर आगारात जाऊन विचारा. गट लहान असेल तर एसटीच्या नियमित फेरीचाही हिशेब मांडा, कारण तिथे महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. रेल्वेही या दिवसांत अनारक्षित विशेष गाड्या सोडते. त्या गाड्यांनी जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट आधी काढावे. टिंगल करणाऱ्यांसाठी नव्हे, आपल्यासाठी. तपासनीसासमोर आपल्या आजीने मान खाली घालू नये म्हणून.

आता दौलताबादकडे येऊ. साल १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना म्हटले, आपण सहलीला जाऊ. कार्यक्रमात एक गोष्ट पक्की होती: वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच. धर्मांतराची येवल्याची घोषणा अजून व्हायची होती, पण ओढ कुठे होती हे दिसते. तीसेक माणसे, भाड्याने घेतलेल्या बस आणि मोटारी, नाशिकहून येवलामार्गे औरंगाबाद. आपल्या लोकांची बौद्ध स्थळाकडे निघालेली ही बससहल मला फार महत्त्वाची वाटते. तिचे नियोजन पाहा. कार्यक्रम मुद्दाम जाहीर केला नव्हता. जिथे थांबायचे ठरले होते, फक्त तिथल्याच आपल्या लोकांना कळवले होते. दौलताबादच्या वेशीवर लोक चहा घेऊन उभे होते, चहाची तलफही होती, तरी आधी उजेडात किल्ला पाहू, चहा नंतर, असे ठरवून सगळे पुढे गेले. वेळेचे भान याला म्हणतात.

पुढचे माहीत आहे. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराशी भरलेला हौद होता आणि प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले होते. काही जणांनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले, आणि मागून आरडाओरडा सुरू झाला की यांनी हौद बाटवला. जमाव जमला. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय? त्यावर उत्तर नव्हते. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि नजर ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई. (हा प्रसंग कोणी आज मुसलमान शेजाऱ्याविरुद्ध वापरत असेल तर त्याने तो नीट वाचलेला नाही. हिंदूंची जात इतरांच्याही अंगात कशी भिनली होती, हे तिथे दाखवले आहे.)

महाडच्या तळ्याला सात वर्षे झाल्यानंतरची ही गोष्ट आहे. तरीही त्या तीस जणांनी सहल रद्द केली नाही. गाड्या त्यांनीच ठरवल्या होत्या, म्हणून कुठे थांबायचे, कुठे नाही, हेही त्यांच्याच हातात राहिले. माझा मुद्दा इथे आहे. बस उमेदवाराची असेल तर ती त्याच्या सभेपाशी थांबते. वाटेत त्याच्या घोषणा द्याव्या लागतात. परतताना यादी त्याच्या कार्यालयात जमा होते: कोणत्या वस्तीतून किती माणसे, कोणाचा फोन नंबर काय. मसूरला दुप्पट भाडे घेऊन गाडी हाकायला लावली. इथे भाडे घेत नाहीत आणि माणसे हाकतात.

आणि आपण दरिद्री आहोत म्हणून हे करावे लागते, असेही कोणी म्हणू नये. १९५६ च्या डिसेंबरात आपले लोक आजच्यापेक्षा किती तरी गरीब होते. ६ तारखेला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले, त्या रात्री विमानाने पार्थिव मुंबईत आले, राजगृहावर नेले, आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. मोबाईल नाही, टीव्ही नाही. तरीही लाखो माणसे जमली. ज्या मुंबईत १६ डिसेंबरला बाबासाहेब दीक्षा देणार होते, तिथे त्यांच्या चितेच्या साक्षीने भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून एक लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांना कोणी बस दिली नव्हती. पुढे भैयासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने, लोकांच्या वर्गणीतून तिथे स्तूप उभा राहिला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वर्गणीची ही सवय मोडू देऊ नका.

मुंबईत पोहोचल्यावरचे थोडे. ६ च्या सकाळी पोहोचू असा हिशेब करू नका, ५ लाच पोहोचा. बस चैत्यभूमीपर्यंत जात नाही. वाहतूक पोलीस दरवर्षी पार्किंगच्या जागा जाहीर करतात, त्या पाहूनच ड्रायव्हरला पत्ता द्या आणि बसचा नंबर व पार्किंगची जागा प्रत्येकाच्या खिशात मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीवर ठेवा. गर्दीत मोबाईल लागत नाही. आमच्या आयाबायांपैकी अनेकींना नंबर पाठ नसतो. ‘शिवाजी पार्कवर भेटू’ हा पत्ता नव्हे, तिथे लाखभर माणसे असतात. दादर स्टेशनवर जुन्या माणसांचा एक गोंधळ होतो, कारण डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक ८ ते १४ झाले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे. रांग कित्येक तासांची असते. बीपी-साखरेच्या गोळ्या बसमध्ये नव्हे, अंगावर. आणि बस थांबवण्याची ठिकाणे ठरवताना बाई विचारात घ्या. दर तीन तासांनी, जिथे दार लागणारे शौचालय आहे अशाच जागी. हे ठरवणाऱ्यांत दोन महिला असल्या की ते आपोआप होते. सगळे पुरुष असले की बस रस्त्याच्या कडेला थांबते आणि बायका पाणीच पीत नाहीत.

रांगेतले समता सैनिक दलाचे स्वयंसेवक सांगतील ते ऐका, ती माणसेही घरदार सोडून आलेली असतात.

आणखी एक गोष्ट खटकते. बसवाला ‘मुंबई दर्शन’ म्हणून परतीच्या दिवसात दोन-तीन देवळे घालतो आणि आपले लोक, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले लोक, ‘आलोच आहोत तर’ म्हणून रांगेत उभे राहतात. दिवस हातात असेल तर दादर पूर्वेला हिंदू कॉलनीतले राजगृह बाहेरून का होईना पाहा. परळची बीआयटी चाळ पाहा, जिथे बाबासाहेब वीसेक वर्षे राहिले. फोर्टातले सिद्धार्थ कॉलेज मुलांना दाखवा. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत शंभरावर लेणी आहेत, आणि आपल्याच शहराच्या पोटात एवढा मोठा बौद्ध विहार होता हे बारावीच्या पोराला पुस्तकापेक्षा तिथे उभे राहून कळते. ती सोमवारी बंद असतात. २०२६ मध्ये ६ डिसेंबर रविवारी येतो, तेव्हा ७ तारखेला कान्हेरी ठरवू नका. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलसाठी मात्र निदान दोन तास राखा आणि बसच्या वर्गणीतच प्रत्येक घरामागे एका पुस्तकाचे पैसे धरा.

बैठक धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यातच घ्या. तेव्हा गाड्या मोकळ्या असतात आणि वर्गणी दोन हप्त्यांत गोळा होते. ज्याला जमत नाही त्याचे नाव न वाचता त्याचा वाटा उरलेल्यांत विभागा. पावतीपुस्तक महिला मंडळाकडे. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, जेवण, पाणी असा हिशेब फळ्यावर लिहून, परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर वाचून दाखवायचा. शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षीच्या गाडीच्या इसाऱ्यासाठी ठेवायची, म्हणजे ऑक्टोबरात कोणाच्या दारात जावे लागत नाही.