तळटीप : ‘रुपयामागे चार आणे सुटतात’

लेखकाचा हा हिशेब खरेदीवरचा आहे. ८० रुपयांचा माल १०० ला विकला, तर सुटलेले २० रुपये खरेदीवर २५ टक्के भरतात, विक्रीवर मात्र २०च. ढोबळ नफ्याचे प्रमाण काढताना विक्रीचाच आकडा धरतात. भाडे, नोकराचा पगार, वीज, व्याज, कर वजा जाता त्या २० मधले ४ उरले, की निव्वळ नफा ४ टक्के. ऐकायला किरकोळ, पण भांडवल किती वेळा फिरले, हे पाहिल्याशिवाय नाक मुरडू नये. ३ लाख गुंतवून वर्षाला २४ लाखांची विक्री झाली, तर ४ टक्क्यांनी ९६ हजार सुटतात, म्हणजे भांडवलावर ३२ टक्के. तेच भांडवल वर्षातून एकदाच फिरले असते, तर त्यापेक्षा बँकेतली मुदतठेव बरी. नफ्याचे प्रमाण आणि भांडवलाचे फेरे यांचा हा गुणाकार अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या डोनाल्डसन ब्राउन यांच्या नावावर आहे. पेठेतल्या दुकानदारांना तो न शिकताच येत असावा. मात्र लेखक स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसत, त्या श्रमाचा पगार त्यांनी खर्चात कुठेच धरलेला नाही. पुढच्या प्रकरणांतले नफ्याचे आकडे वाचताना वाचकांनी तो वजा करून घ्यावा. – संपा.