बंब की गिझर?

मंडळी, सध्या आमच्या मालवणच्या घरी वाद पेटलाय: आजीचा गळका तांब्याचा बंब दुरुस्त करायचा, की गॅस गिझर बसवायचा? माझं आयटीवालं डोकं लगेच म्हणालं, अपग्रेड! मग जरा इतिहास चाळला.

गिझर काही नवा नव्हे. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉघन या रंगाऱ्याने तो काढला. नाव आइसलंडच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून घेतलं. पण त्याला धुराडंच नव्हतं, जळका वायू थेट न्हाणीत! आजही बंद न्हाणीत गॅस गिझर लावला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग. आणि आजी दाराला कडी लावून अंघोळ करते.

बंबाचं धुराडं त्याच्या पोटातूनच वर जातं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, कथील २३२ ला. म्हणून पत्र्याला धक्का न लावता सांध्याला डाग देता येतो. मात्र बंब कोरडा पेटवला की तोच डाग सुटतो.

थोडक्यात, सांधा गळला तर डाग द्या. पत्राच झिजला असेल तर डागावर डाग म्हणजे पैसे पाण्यात. आमचा सांधाच गळतोय, त्यामुळे माझं मत बंबाला. उद्या गिझर आलाच, तर तो न्हाणीच्या बाहेर!