डॅशबोर्डला तडा : कमी खर्चातील दुरुस्ती आणि तिची मर्यादा

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डला तडा गेला की दोनच मार्ग सुचतात : नवा डॅशबोर्ड बसविणे किंवा तड्याकडे दुर्लक्ष करणे. पहिला मार्ग खर्चिक, तर दुसऱ्यात तडा वाढत जातो. थोडक्या खर्चाचा मधला मार्ग आहे. मात्र तडा कोठे आणि कोणत्या पृष्ठभागावर आहे, हे आधी पाहावे लागते.

तडा का जातो?

भर उन्हात उभ्या मोटारीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. मऊ डॅशबोर्डमध्ये कठीण प्लास्टिकच्या सांगाड्यावर फोम व त्यावर बहुधा पीव्हीसीचे आवरण असते. आवरणाला लवचिक ठेवणारी द्रव्ये उष्णतेने हळूहळू उडून जातात. काचेवर आतून जमणारा धूसर, चिकट थर काही अंशी त्यांचाच असतो. मग आवरण आक्रसते, ठिसूळ होते आणि फाटते. कठीण प्लास्टिकचा डॅशबोर्ड मात्र अनेकदा धक्क्याने किंवा स्क्रू जादा आवळल्याने तडकतो.

एअरबॅगची जागा वगळावी

भारतात नव्या मॉडेलच्या मोटारींत चालकाशेजारच्या आसनासाठीही एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. ती डॅशबोर्डच्या आत असते आणि अपघाताच्या क्षणी वरचे झाकण ठरावीक रेषेवर फाडून बाहेर येते. त्या जागी लांबी भरली, गोंद लावला किंवा जाड आवरण चिकटविले, तर एअरबॅग नीट उघडणार नाही किंवा सुटलेले तुकडे प्रवाशावर उडतील. ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ ही अक्षरे असलेल्या भागाजवळ तडा असल्यास अधिकृत सेवा केंद्रातूनच तो भाग बदलून घ्यावा. येथे काटकसर नको.

मऊ आवरणाची दुरुस्ती

प्रथम सौम्य साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग पुसावा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुन्या पॉलिशचा थर काढावा. सिलिकॉन राहिले तर काहीच चिकटत नाही. थिनर व पेट्रोल टाळावे. तड्याच्या वर आलेल्या कडा धारदार पात्याने छाटून त्या लवचिक गोंदाने खाली बसवाव्यात. नंतर व्हिनाइलसाठीची लवचिक लांबी पातळ थरांत भरावी आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. कडक इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद येथे टिकत नाही. उन्हात आवरण हलते आणि शेजारीच नवा तडा जातो. शेवटी २२० व मग ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासून मिळताजुळता व्हिनाइल रंग फवारावा. हे काम कोरड्या दिवसांत, दारे उघडी ठेवून करावे.

कठीण प्लास्टिकची दुरुस्ती

तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडल्यास तो पुढे सरकत नाही. मागची बाजू हाताशी येत असल्यास सोल्डरिंग आयर्नने तारेची बारीक जाळी प्लास्टिकमध्ये रुतवून आधार देता येतो. भागाच्या मागे ‘पीपी’ अशी खूण असल्यास साधा गोंद धरत नाही; त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो.

झाकणे आणि जपणे

तडे अनेक असतील, तर त्या मॉडेलसाठी शिवलेले कापडी आच्छादन सर्वांत स्वस्त पडते. त्यात एअरबॅगची जागा मोकळी सोडलेली असावी आणि रंग गडद, बिनचमकीचा असावा. अन्यथा काचेत प्रतिबिंब पडून रस्ता नीट दिसत नाही. संपूर्ण डॅशबोर्ड काढून रेक्झिन चढवायचे असल्यास ते अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. बॅटरीची जोडणी सोडविल्याशिवाय एअरबॅगच्या तारांना हात लावू नये.

दुरुस्ती टिकवायची असेल, तर मोटार सावलीत उभी करावी, ते शक्य नसल्यास पुढील काचेला आतून पडदा लावावा आणि तेलकट चकाकीच्या पॉलिशऐवजी पाण्यावर आधारित संरक्षक द्रव वापरावे. पडद्याचा खर्च कोणत्याही दुरुस्तीहून कमीच असतो.