कामट्यांचा तारा आणि कागदी गव्हाण

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे मंदिराची कोनशिला कधी बसली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, घंटा कोठून आली, यांची नोंद होते. आणि ती होणे योग्यच आहे. आम्ही मात्र येथे अशा वस्तूंचा इतिहास सांगू इच्छितो, की ज्यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. कारण त्या दर आगमनकाळात घरच्या माणसांच्या हातून तयार होतात आणि जानेवारीत मोडल्या जातात. आपल्या चाळींतून व कामगार वसाहतींतून टांगला जाणारा कागदी तारा आणि त्याखाली मांडली जाणारी नाताळची गव्हाण, हा आमचा विषय होय.

गव्हाणीचे मूळ शुभवर्तमानात आहे हे सर्वांस ठाऊक आहे. संत लूक बाळ येशूला गव्हाणीत निजविल्याचे सांगतो. तारा मात्र एकट्या संत मत्तयच्या वृत्तांतात आढळतो. बैल व गाढव यांचे नाव दोघेही घेत नाहीत. ती मुकी जनावरे यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून चालत आली आणि ख्रिस्ती जनांनी त्यांना प्रेमाने गोठ्यात बांधून टाकले! १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण मांडविली, जिवंत बैल व गाढव आणविले आणि तेथेच मिस्सा झाली. मूर्तींचा उल्लेख त्या प्रसंगाच्या जुन्या वर्णनात नाही. गवत, दोन जनावरे, हाती मशाली घेतलेले गावकरी, एवढ्यावर काम भागले.

पुढे मंदिरातून मोठमोठ्या गव्हाणी उभ्या राहू लागल्या. प्राग शहरातील येशूसंघीयांची १५६२ सालची गव्हाण या बाबतीत प्रसिद्ध आहे. परंतु ती घराघरांत शिरण्यास एका बादशहाची नाराजी कारणीभूत झाली, हे थोड्यांस ठाऊक असेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहाने मंदिरांत गव्हाण मांडण्यास मनाई केली. तेव्हा लोकांनी ती घरी नेली. लाकडी मूर्ती परवडेनात म्हणून बोहेमिया व तिरोल प्रांतांत कागदावर चित्रे रंगवून, ती कातरून उभी करण्याची चाल पसरली. पोलंडमधील क्राकोव्ह शहरी तर एकोणिसाव्या शतकात गवंडी व बांधकामावरील मजूर, हिवाळ्यात काम बंद पडले म्हणजे, पुठ्ठा व चकचकीत कागद यांच्या मनोरेदार गव्हाणी करून विकू लागले. त्या परंपरेस २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. गवंड्याच्या हातचा पुठ्ठा असा जगभर मान्यता पावला, ही गोष्ट आम्हांस कामगारांच्या धर्मग्रामात सांगण्याजोगी वाटते.

आता आपल्याकडे वळू. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत जर्मन येशूसंघीयांनी काम आरंभिले. तेथील लोकांना गव्हाण म्हणजे काय हे शिकवावे लागले नाही. बैलापुढे कडबा टाकावयाची ती गव्हाण त्यांच्या नित्य पाहण्यातली होती. नवल एवढेच, की तिच्यात देवाचा पुत्र निजला. आणि त्या लोकांपैकी बहुसंख्य कोण होते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. गावगाड्याने ज्यांना वेशीबाहेर ठेविले, दोर वळणे, केरसुण्या बांधणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे ज्यांच्या माथी मारली, ते ते होते. ज्या शिंदीच्या पानांची केरसुणी बांधून द्यावी आणि देताना स्पर्शही होऊ देऊ नये, त्याच शिंदीच्या पानाचा क्रूस झावळ्यांच्या रविवारी त्याच हातांनी वळला आणि तो वेदीपुढे आशीर्वादित झाला. आमच्या मते आपल्या घरगुती हस्तकामाच्या इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट हीच होय. तिच्यापुढे बोहेमियाची सुंदर कागदी चित्रे फिकी पडतात.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी येथील माळरानांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७२ च्या दुष्काळाने आणखी कित्येक कुटुंबे गाव सोडून शहराकडे आली. नगर जिल्ह्यातील भाविकांशेजारी वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळ व तामिळनाडूचे कॅथलिक बांधव राहू लागले. पुढे चाकणकडे मोटारींचे कारखाने गेले, तशी वस्तीही त्या बाजूस सरकली.

चाळीतील दहा बाय दहाच्या खोलीत ना गोठा, ना कडबा. तेव्हा गरजेने युक्ती शिकविली. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा जाड कागद पाण्यात भिजवून, चुरगाळून, गेरू व काव यांनी रंगविला की बेथलेहेमचा डोंगर झाला. यंत्रांच्या खोक्यांत भरलेला लाकडाचा कीस हाच गव्हाणीतील पेंढा. पुठ्ठ्याच्या खोक्याचा गोठा, सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा ओढा. गोमंतकीय शेजारणीने नाचणी उगवून कुरण करण्याची आपल्याकडची रीत दाखविली. आपल्या मंडळींनी नाचणीऐवजी गहू घेतले. घटस्थापनेस शेजारच्या हिंदू घरी धान्य पेरलेले सर्वांनी पाहिलेलेच होते, त्यामुळे त्या कलेचे कोणास अप्रूप वाटले नाही.

ताऱ्याचेही तसेच. फिलिपाईन्स बेटांत बांबू व कागद यांचा पाच टोकांचा तारा नाताळात घरोघर लागतो. जर्मनीत निस्की येथील मोरेव्हियन शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमिती शिकविताना अनेक टोकांचे कागदी तारे करवीत असत. आमचा तारा मात्र दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ होय. पुण्याच्या बुरूड आळीतून आणलेल्या बांबूच्या कामट्या दोहोंसही चालतात. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाचांचा एक, असे दोन पंचकोनी तारे दोऱ्याने बांधावेत, ते एकावर एक ठेवून पाचही टोके जखडावीत आणि आतील पाच कोपऱ्यांत वीतभराहून आखूड अशा पाच काड्या आडव्या सारून दोन्ही तारे एकमेकांपासून दूर रेटावेत. सपाट सांगाडा एकदम फुगतो. लहान मुलांच्या तोंडून तेव्हा जो उद्गार निघतो, तो कोणत्याही प्रवचनाने निघत नाही, असा आमचा अनुभव आहे. वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवावा व दिव्यासाठी एक पाकळी उघडी ठेवावी. झुरळांनी खळ खाऊ नये म्हणून बुकबांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात. परंतु ते विष असल्याने मुले काम करीत असतील तेथे घालू नये.

मध्यंतरी थर्माकोलचा काळ आला. पांढरे शुभ्र गोठे तयार मिळू लागले, प्लॅस्टिकचे तारे खोक्यातून निघून खिळ्यावर चढू लागले. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हा काही घरांत पुन्हा पुठ्ठा निघाला. बहुतेकांत प्लॅस्टिकच राहिले. यासाठी आम्ही कोणास दोष देत नाही. बाप दुसऱ्या पाळीला, आई कामावर, मुले शिकवणीस, अशा घरात कामट्या तासावयास कोण बसणार? परंतु गव्हाणीच्या स्पर्धांविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. रोषणाई व पाण्याचे कारंजे यांसच गुण पडू लागले, तर ज्या घरी विजेचा एकच दिवा आहे त्या घरचे मूल भाग घेईनासे होते. परीक्षकांनी हे घरातील कोणी केले, एवढेच आधी विचारावे, अशी आमची सूचना आहे.

ज्यांना यंदा हात घालावयाचा असेल त्यांनी गहू एक रात्र भिजवून १५ डिसेंबरच्या सुमारास पसरट ताटलीत मातीवर पेरावेत व वर पातळ फडके घालावे. मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत बोटभर हिरवे कुरण तयार होते. बाळ येशूची मूर्ती त्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नये, आणि तीन मागी दूर खिडकीशी ठेवून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत रोज थोडे थोडे पुढे सरकवावेत. हे काम सर्वांत धाकट्याकडे द्यावे. सण आटोपल्यावर गहू शेळ्या-कोंबड्यांना जातो, डोंगराचा कागद घडी घालून ठेवता येतो. ताऱ्याचा सांगाडा माळ्यावर टांगावा. कामट्या चांगल्या असतील तर तो चार-पाच वर्षे सहज टिकतो. दर वर्षी फक्त कागद बदलावा लागतो.