निबंधाची तपासणी : हार्वर्डमधील एक जुने प्रकरण

इसवी सन १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली, हे या अंकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयाने प्रवेश मागणाऱ्या मुलांची इंग्रजी निबंधलेखनाची सक्तीची परीक्षा प्रथमच घेतली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या कानावर आलेली नाही. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. परंतु निबंध या एकाच वस्तूचा दोन ठिकाणी किती भिन्न उपयोग झाला, हे पाहण्यासारखे आहे. पुण्यात निबंध हे वाचकाशी बोलण्याचे साधन झाले. हार्वर्डमध्ये तो उमेदवार पारखण्याचे साधन झाला.

हार्वर्डशी आपल्या लोकांचा ऋणानुबंध अगदीच नाही असे नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांचे एक चिरंजीव जयसिंगराव तेथे शिकले. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांना बडोदे संस्थानाने काही काळ मासिक वेतन दिले होते. तेच पुढे १९१० मध्ये पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, आणि त्यांचे पुत्र दामोदर १९२९ मध्ये तेथून पदवीधर झाले. तथापि आम्ही या विषयाकडे वळलो ते वेगळ्याच निमित्ताने. ते निमित्त लेखाच्या शेवटी सांगू.

प्रथम हार्वर्डची हकिगत. चार्ल्स विल्यम इलियट हे १८६९ मध्ये तेथील अध्यक्ष झाले आणि पुढे चाळीस वर्षे, म्हणजे १९०९ पर्यंत, त्या पदावर राहिले. जुन्या पद्धतीत ग्रीक व लॅटिन या भाषांना मानाचे पान होते. मातृभाषा इंग्रजी ही मुलांना येतेच, असे गृहीत धरलेले असे. इलियट यांना हे गृहीत मान्य नव्हते. त्यांनी १८७२ मध्ये आपले सहाध्यायी अ‍ॅडम्स शर्मन हिल यांना बोलावून घेतले. हिल यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते. परंतु त्यांची हयात वृत्तपत्रात गेली होती, आणि यादवी युद्धाच्या काळात ते ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे बातमीदार होते. रोज लिहावे, नेमके लिहावे आणि वेळेवर द्यावे, ही वृत्तपत्राची शिस्त त्यांनी महाविद्यालयात आणली.

१८७४ च्या परीक्षेत उमेदवाराने शेक्सपिअर, गोल्डस्मिथ, स्कॉट इत्यादींच्या नेमलेल्या ग्रंथांतून विषय घेऊन लहानसा निबंध लिहावयाचा होता. शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि मांडणी पाहिली जाणार होती. निकाल निराशाजनक लागत गेले. १८७९ च्या परीक्षेविषयी खुद्द हिल यांनीच आकडे दिले आहेत. ३१६ उमेदवार बसले, त्यांपैकी १५७ नापास झाले, आणि विशेष गुणवत्तेने उत्तीर्ण झाले ते केवळ १४. देशातील नामांकित शाळांतून आलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना स्वभाषेत एक धड निबंध लिहिता येत नव्हता.

उपाय म्हणून लेखनाचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी सक्तीचा करण्यात आला. त्याला ‘इंग्लिश ए’ हे नाव पडले. इलियट यांच्या धोरणानुसार एकेक सक्तीचा विषय ऐच्छिक होत गेला. परंतु लेखनाची सक्ती टिकून राहिली. बॅरेट वेंडेल यांनी १८८४ पासून वरच्या वर्गात ‘रोजचा निबंध’ सुरू केला. विद्यार्थ्याने दररोज एखादे पान लिहून आणून द्यावयाचे. विषय आपल्या डोळ्यांसमोरचा. कल्पना उत्तमच होती. परंतु शेकडो विद्यार्थ्यांनी लिहावयाचे म्हटले की ते सारे कोणीतरी वाचले पाहिजे! तांबडी शाई घेऊन बसलेल्या तरुण मदतनिसांपुढे कागदांचे ढीग साचू लागले.

येथे पर्यवेक्षक मंडळ पुढे आले. हार्वर्डचा कारभार दोन संस्था पाहतात. दैनंदिन व्यवस्था पाहणारी एक, आणि तिच्यावर देखरेख करणारे, माजी विद्यार्थ्यांनी निवडलेले, पर्यवेक्षक मंडळ ही दुसरी. या मंडळाच्या समित्या निरनिराळ्या विभागांची पाहणी करून अहवाल देतात. आमच्यासारख्या सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही पद्धत चांगलीच ओळखीची वाटते. निबंधलेखनाच्या पाहणीसाठी जी समिती नेमली गेली, तिचे सदस्य तीन. चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स हे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांचे नातू. ते १८९० पर्यंत ‘युनियन पॅसिफिक’ या बड्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते. ई. एल. गॉडकिन हे ‘द नेशन’चे संपादक. तिसरे जोसाया क्विन्सी. तिघेही कर्तबगार, परंतु लेखनाचा वर्ग घेणे हा तिघांपैकी एकाचाही व्यवसाय नव्हता.

या समितीचा पहिला अहवाल १८९२ मध्ये आला. त्यामागून १८९५ व १८९७ मध्ये आणखी दोन आले. समितीने एक मोठी चांगली गोष्ट केली. तिने कोणाच्या तोंडी सांगण्यावर विसंबून न राहता विद्यार्थ्यांचे कागदच मागविले. आपणांस शाळेत लेखन कसे शिकविले गेले, याचे वर्णन पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतले. हे कागद छापण्यात आले. वाचणाऱ्यांस अशुद्ध शब्द आणि मोडकी वाक्ये दिसली, आणि वृत्तपत्रांतून ओरड सुरू झाली. खुद्द गॉडकिन यांनी १८९७ मध्ये अमेरिकन मुलांच्या निरक्षरतेवर लेख लिहिला.

समितीचा निष्कर्ष थोडक्यात असा होता. महाविद्यालयातील शिक्षक प्राथमिक स्वरूपाची मजुरी करीत आहेत. हे काम त्यांचे नव्हे, शाळांचे आहे. शाळा ते करीत नाहीत. म्हणून प्रवेशाची अट अधिक कडक करावी, म्हणजे शाळा आपोआप सुधारतील.

या निष्कर्षातील अर्धा भाग खरा होता. मदतनिसांची मजुरी खरी होती, आणि समितीने तिची सहानुभूतीने नोंद घेतली, हे तिच्या पदरात टाकलेच पाहिजे. परंतु उरलेला अर्धा भाग आम्हांस पटत नाही. मुलांनी आपल्याला कसे शिकविले गेले हे लिहून दिले होते. म्हणजे हा एका परीने साक्षीदारांचा जबाबच होता. साक्षीदार काय सांगतो इकडे लक्ष द्यावयाचे, तर त्याचे शुद्धलेखन मोजले गेले. शाळेचा शिक्षक एका वेळी किती मुलांना शिकवितो, त्याला निबंध वाचावयास वेळ मिळतो की नाही, याचा शोध घेण्याऐवजी शाळेला दोषी ठरविणे सोपे गेले. आम्ही नोकरीत असताना अशा कित्येक तपासण्या पाहिल्या, आणि खोटे कशाला बोला, काही स्वतःही केल्या. वरच्याने खालच्यावर शेरा मारावा, खालच्याने त्याच्याही खालच्यावर. कागद निकालात निघतो, काम होते तेथेच राहते.

याच काळात मिशिगन विद्यापीठात निराळी रीत चालू होती. तेथे १८७१ पासून विद्यापीठाचे अध्यापक स्वतः शाळांना भेटी देत. ज्या शाळेचे काम समाधानकारक वाटे, तिच्या प्रमाणपत्रावर मुलांना प्रवेश मिळे. तेथील वक्तृत्व व लेखनशास्त्राचे अध्यापक फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी या दोन पद्धतींतील भेद फार मार्मिक रीतीने दाखविला. प्रवेशपरीक्षेची पद्धत त्यांना सरंजामी वाटली. सरदार गढीत बसून हुकूम सोडतो, आणि शाळांनी निमूटपणे खंडणी पोचवावयाची. दुसऱ्या पद्धतीला त्यांनी सजीव देहाची उपमा दिली. शाळा आणि विद्यापीठ ही एकाच देहाची अंगे, एकाचे दुखणे दुसऱ्याला कळते. मिशिगनची रीत निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर घर झाडून ठेवण्याची कला सर्व देशांत सारखीच अवगत आहे. तरी जो तपासनीस वर्गात जाऊन बसतो, त्याला बाकांची संख्या तरी दिसते.

पुढे नेमलेल्या पुस्तकांच्या याद्यांचा जाच देशभरच्या शाळांना होऊ लागला, आणि त्या असंतोषातून १९११ मध्ये शिकागो येथे इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष स्कॉट हेच होते. परिषदेच्या मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९१२ मध्ये निघाला. त्यातील पहिल्याच लेखात कॅन्सस विद्यापीठाचे एडविन हॉपकिन्स यांनी विचारले, की सध्याच्या परिस्थितीत लेखन चांगले शिकविता येईल काय? आणि त्याचे उत्तर त्यांनी आरंभीच नकारार्थी दिले. कारण, एका शिक्षकाकडे सोपविलेले विद्यार्थी आणि त्यांचे कागद माणसाच्या शक्तीबाहेरचे होते. हार्वर्डच्या पर्यवेक्षकांनी चुका मोजल्या होत्या. हॉपकिन्स यांनी चुका वाचणाऱ्याचे श्रम मोजावयास घेतले.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे, कारण ती प्रत्येक परीक्षकाला नम्र करणारी आहे. १९६१ मध्ये पॉल डिडेरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ वाचकांना दिले. वाचकांत इंग्रजीचे व इतर विषयांचे अध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि व्यवसायातील माणसेही होती. गुणवत्तेप्रमाणे नऊ श्रेणी लावावयाच्या होत्या. १०१ निबंध असे निघाले, की त्यांना पहिलीपासून नववीपर्यंत प्रत्येक श्रेणी कोणी ना कोणी दिली होती. पाचांहून कमी निरनिराळ्या श्रेणी मिळालेला निबंध एकही नव्हता. कोणी विचार पाहिला, कोणी मांडणी, कोणी शुद्धता, कोणी शब्दकळा. आणि प्रत्येकाला वाटले की आपण ‘निबंध’ पाहिला. पुढे १९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी एकाच बैठकीतील परीक्षेऐवजी विद्यार्थ्याच्या सत्रभराच्या निवडक लेखनाची चळत पाहण्याची रीत घातली. ती चळत शिक्षक आपसांत वाचून त्यावर चर्चा करीत. परीक्षकांतील मतभेद त्यामुळे नाहीसे झाले नाहीत. पण ते लपूनही राहिले नाहीत.

आता आमचे निमित्त. आम्ही वडोदऱ्यात राहतो. आपल्या येथील मराठी कुटुंबांतील मुलांसाठी होणाऱ्या निबंधस्पर्धेचे परीक्षक म्हणून काही वर्षे आम्ही काम पाहिले. मुले इंग्रजी किंवा गुजराती शाळेत शिकणारी. मराठी घरात ऐकून आलेली. आम्ही मोठ्या निष्ठेने प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घावर तांबडी खूण केली. एका मुलीने आजीवर लिहिले होते. संध्याकाळी आजी ‘ओटल्यावर’ बसून शेजारणींशी बोलते, असे त्यात होते. आम्ही तो शब्द खोडून ‘ओट्यावर’ केला आणि गुण कापला. पुढच्या वर्षी त्या मुलीचा निबंध आला नाही. तिचे आजोबा दांडिया बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, “रावसाहेब, नात म्हणते, मला मराठी येत नाही, मी आता नाही लिहिणार.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले. आमच्या स्वतःच्या घरी तीन पिढ्या ‘ओटला’च म्हणतात, हे आम्हांस घरी पोचल्यावर आठवले.

शुद्धलेखन सोडून द्यावे, असा याचा अर्थ कोणी करू नये. शुद्धतेचा आग्रह हवाच. तो नसता तर आपली भाषा येथवर टिकली नसती. परंतु चिपळूणकरांच्या निबंधाला वाचक होता, आणि हार्वर्डच्या त्या मुलांच्या निबंधाला फक्त तपासनीस होता. आमच्या हातूनही त्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. आजी कोणाशी काय बोलते, हे आम्ही विचारलेच नाही.

स्पर्धा दरवर्षी होते, आणि येणाऱ्या निबंधांची संख्या घटत चालली आहे. दोष शाळांचा, आईबापांचा, काळाचा, असे अहवाल आपण लिहू शकतो. त्या तीन पर्यवेक्षकांनीही तेच केले. त्यापेक्षा सभासदांपैकी प्रत्येकाने चार मुले आपल्याकडे घ्यावीत, वर्षातून तीन-चार वेळा त्यांचे लेखन वाचावे, आणि चुका दाखविण्याआधी मजकुराला दोन ओळींचे उत्तर लिहावे, अशी आमची विनंती आहे. चारांहून अधिक घेऊ नयेत. हॉपकिन्स यांचा हिशेब विसरून चालणार नाही. आमच्या वाट्याची चार नावे आम्ही मंडळाकडे दिली आहेत. त्यांत त्या मुलीचे नाव आहे. तिने होकार अद्याप कळविलेला नाही.