रिठ्याच्या बियांची माळ : बनवण्याआधी आणि भेट देण्याआधी

बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा विहारातल्या एखाद्या मित्राचे लग्न जवळ आले की भेट काय द्यायची हा प्रश्न येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' बहुतेक घरांत असतो, मूर्तीही असते. म्हणून काही तरुण मण्यांची माळ देतात. मनगटावर शोभते, फोटोत छान दिसते आणि ऑनलाइन मागवली की भिवंडीत घरपोच येते. कित्येकदा ती भिवंडीच्याच एखाद्या गोदामातून निघालेली असते, हा भाग वेगळा.

घरातली आजी मात्र ती माळ पाहून थबकते. आपल्या समाजात कित्येक घरांत पूर्वी माळकरी होते, गळ्यात तुळशीची माळ होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ती उतरली. "आम्ही उतरवली, ती तू परत घातलीस व्हय?" हा आजीचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो बरोबर प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर माळ देणाऱ्याजवळ असले पाहिजे. नसेल तर सरळ पुस्तक द्यावे.

माळ आली कुठून?

पालि तिपिटकात माळेने जप करण्याचा उपदेश नाही. भिक्खूच्या अष्टपरिष्कारात चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा, पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, माळ नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही तिचे नाव नाही, घाला म्हणूनही नाही आणि घालू नका म्हणूनही नाही. तेव्हा "ही बुद्धकाळापासूनची परंपरा आहे" असे कुणी सांगत असेल तर ते खरे मानू नका.

माळेची माहिती मिळते ती नंतरच्या महायान परंपरेत. चिनी त्रिपिटकात एक छोटेसे सूत्र आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'रिठ्याच्या बियांचे सूत्र' असा होतो. अनुवादकाचे नाव त्यावर नाही. काळ पूर्व जिन राजवटीचा, म्हणजे इ.स. ३१७ ते ४२० च्या दरम्यानचा मानला जातो. त्यातली गोष्ट अशी. एका लहान राज्याचा राजा बुद्धांना निरोप पाठवतो की राज्यात लुटारूंचा त्रास आहे, रोगराई आहे, धान्य महाग झाले आहे, राज्यकारभारातून साधनेला वेळ मिळत नाही, तर सोपा मार्ग सांगा. त्याला सांगितले जाते की रिठ्याच्या १०८ बिया ओवून जवळ ठेव, चालताना, बसताना, पहुडताना मन एकाग्र करून बुद्ध, धम्म, संघ यांचे स्मरण कर आणि एकेक बी पुढे सरकव. पुढे सूत्रात स्वर्गफळाच्या गोष्टीही येतात, त्या आपण बाजूला ठेवू. पण मुळात जे स्मरण सांगितले आहे ते तिसरणाचे आहे. ते तर आपण रोज करतो.

थेरवादी देशांपैकी म्यानमारमध्ये १०८ मण्यांची माळ सर्रास दिसते. तिथले उपासक तिच्यावर बुद्धांचे नऊ गुण आठवतात, म्हणजे आपल्या बुद्धवंदनेत 'अरहं' पासून 'भगवा' पर्यंत जे गुण येतात तेच. नऊ गुणांच्या बारा फेऱ्या झाल्या की १०८ भरतात. काही जण त्याच मण्यांवर अनित्य, दुःख, अनात्म यांचे चिंतन करतात.

१०८ या आकड्याभोवती ज्योतिषवाल्यांनी बरेच जाळे विणले आहे. त्यात पडण्याची गरज नाही. संयुत्त निकायाच्या वेदना संयुत्तात अट्ठसत सुत्त आहे. तिथे १०८ वेदनांचा हिशेब आहे. सहा इंद्रियांनी होणारे सौमनस्य, दौर्मनस्य आणि उपेक्षा मिळून १८. गृहस्थजीवनाशी जोडलेल्या व त्यागाशी जोडलेल्या अशा दुप्पट ३६. आणि भूत, भविष्य, वर्तमान धरून १०८. या सुत्तात माळ नाही, पण १०८ कशाचे मोजायचे असा प्रश्न आलाच तर हे उत्तर एखाद्या ग्रहताऱ्यापेक्षा कितीतरी चांगले आहे.

आपल्या महाराष्ट्रात माळेचे पुरावे शिल्पांत आहेत. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत अवलोकितेश्वर आणि भृकुटी यांच्या हातात अक्षमाला दिसते. मण्यांची कारागिरी मात्र त्याहून कितीतरी जुनी. तेर, पैठण, नेवासे, भोकरदन येथील उत्खननांत सातवाहन काळातले अकीक, काच, शंख यांचे मणी निघाले आहेत. कान्हेरीच्या एका शिलालेखात सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराचे दान नोंदले आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा दगडी पेटीत धातूच्या बुद्धमूर्ती, एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि मौल्यवान खडे मिळाले. सोपारा आणि कल्याण ही आपल्याच खाडीपट्ट्यातली बंदरे. म्हणजे मणी घडवणारा माणूस आणि धम्मदान यांचे नाते या भागाला नवे नाही. फक्त एक सावधगिरी: उत्खननात मणी सापडले म्हणजे जपमाळ सापडली असे होत नाही. बहुतेक मणी दागिन्यांचे होते. सोशल मीडियावर ही चूक फार होते.

विकत घेताना

'ओरिजिनल बोधी मणी' या नावाखाली जे विकले जाते ते पिंपळाचे बी नसते. पिंपळाच्या फळातली बी खसखशीएवढी बारीक असते, तिला भोक पाडून ओवणार कसे? नेपाळमधल्या काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यात, तिमाल भागात बोरीच्या कुळातले एक झाड आहे, त्याच्या बियांना बोधिचित्त म्हणतात आणि त्या महाग असतात. ठिपक्यांच्या, चंद्र-तारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मण्यांचे बी एका वेताचे आहे. विकायला हरकत नाही, नाव तरी खरे सांगावे.

अकिकाच्या लाल मण्यांबाबत मला जास्त बोलायचे आहे. ते बहुतांशी गुजरातमधल्या खंभातला घडतात. दगड घासताना जी बारीक धूळ उडते ती कारागिरांच्या फुप्फुसांत जाते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांचा अभ्यास केलेला आहे. यंत्रमागाच्या खात्यात कापसाच्या धुळीत उभे राहिलेल्या भिवंडीकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. अंगुत्तर निकायात सप्पुरिस दानाची पाच लक्षणे आली आहेत. श्रद्धेने, आदराने, योग्य वेळी, मोकळ्या मनाने द्यावे आणि पाचवे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा न होता द्यावे. शंभर-दोनशे रुपयांच्या लाल माळेमागे कुणाचा श्वास गेला असेल तर ती भेट या पाचव्या कसोटीला उतरत नाही.

म्हणून रिठा. तो किराणा किंवा काष्ठौषधींच्या दुकानात शिकेकाईशेजारीच मिळतो, स्वस्त असतो, आणि सूत्रात सांगितलेले बीही तेच.

कशी बनवायची

दुकानदाराला "बियांसकट रिठा" असे सांगून घ्या, कारण पुष्कळदा बी काढलेली टरफलेच मिळतात. टरफल फोडले की आत काळी, गोल, टणक बी असते. बिया धुऊन आठवडाभर उन्हात वाळवा. चिरलेल्या, किडलेल्या बाजूला काढा. टरफलाचे पाणी डोळ्यांत गेले तर झोंबते, ती टाकू नका, केस धुवायला ठेवा.

अवघड काम भोक पाडण्याचे. बी हातात धरून ड्रिल चालवू नका. ती निसटते आणि बोटात जाते. एका लाकडी ठोकळ्यात बी बसेल एवढा खळगा करा, बी त्यात बसवून पकडीने घट्ट धरा. दीड ते दोन मिलिमीटरचे पाते लावा. ज्या टोकाला बी फळाला चिकटलेली असते तिथून सुरुवात करा, अर्ध्यावर थांबा, मग उलट बाजूने. एकाच बाजूने जोर दिला तर दुसरे टोक फुटते. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा लावा. खंभातची गोष्ट वर सांगितलीच आहे. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन बिया पुसल्या की चमक येते. वॉर्निश नको.

दोऱ्यासाठी भिवंडीत वणवण करावी लागणार नाही. कारखान्यात कोनावर उरलेले सूत मागून घ्या. एकेरी धागा तुटतो, म्हणून सहा-आठ पदर एकत्र करून पीळ द्या आणि वंदनेनंतर उरलेल्या मेणबत्तीचा तुकडा त्यावरून फिरवा. टोक कडक होते, सुईशिवाय ओवता येते. दर दोन मण्यांमध्ये गाठ मारली तर एक धागा तुटला तरी सगळे मणी विखुरत नाहीत. गाठ सैल ठेवून त्यात सुई घाला आणि सुईने ती मण्यापर्यंत सरकवा. कांडी भरणाऱ्या बायकांना हे एकदा दाखवा, आपल्यापेक्षा झरझर करतील.

माप असे. बी साधारण १२ मिलिमीटरची धरली तर २७ बियांची माळ ३२ सेंटिमीटर भरते, मनगटाला दोन वेढे येतात. गाठींसह सव्वा मीटर दोरा घ्या. १०८ बियांची माळ सव्वा मीटरहून लांब होते. ती बसून मोजायला ठीक, वागवायला जड. भेटीसाठी २७ ची बरी. १०८ चा चौथा भाग, आणि नऊ गुणांच्या तीन फेऱ्या त्यात बसतात. शेवटी पंचशील ध्वजाच्या निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी सुताचा छोटा गोंडा लावता येईल. ही माझी सूचना आहे, परंपरा नव्हे.

देताना

तुळस आणि रुद्राक्ष घेऊ नका. त्यांच्या मागे जे अर्थ आहेत ते आपण सोडून आलो आहोत, आणि आजीचा प्रश्न तिथेच येऊन थांबतो. माळ "सिद्ध केलेली", "मंतरलेली" आहे, तिने नोकरी लागते, नजर लागत नाही, असे चेष्टेतही म्हणू नका. हे मोजण्याचे साधन आहे. गळ्यात घालायची नाही, पूजेत ठेवायची नाही, तुटली तर पुन्हा ओवायची.

इगतपुरीच्या धम्मगिरीला किंवा तशा दुसऱ्या विपश्यना केंद्रात शिबिराला निघालेल्याला ही भेट देऊ नका. तिथल्या नियमांप्रमाणे माळा, ताईत वगैरे आत नेता येत नाहीत. आनापानाला माळेची गरजही नाही. विसुद्धिमग्गात श्वास मोजण्याची रीत दिली आहे ती पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये, अशी. त्याला बोटेसुद्धा लागत नाहीत.

माळ कागदी पुडीत घाला, प्लास्टिकचा डबा नको. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवा. तिच्यात बी कशाची, सूत कुठले, बनवली कुणी, आणि एकेका मण्यावर काय आठवायचे एवढे चार ओळींत लिहा. घरात आजी असेल तर चिठ्ठी आधी तिला वाचून दाखवा.